स्वल्पविरामानंतर कोण उभे आहे?

‘घरी परतताना पाऊस लागला’ या मराठी वाक्यात काहीही चूक नाही. परतणारा कोण, हे वाक्यात सांगितलेले नसले तरी पाऊस काही घरी परतत नव्हता, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. हेच वाक्य इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून ‘रिटर्निंग होम, द रेन स्टार्टेड’ असे लिहिले, की वाक्यदुरुस्तीच्या प्रश्नात ते चुकीचे ठरते, कारण इंग्रजीच्या रचनेप्रमाणे तेथे पाऊसच घरी परतत असतो. काळ, वचन, शब्दयोगी अव्यये यांची भरपूर तयारी केलेला विद्यार्थीसुद्धा अशा वाक्यापाशी ‘नो एरर’ हा पर्याय निवडून पुढे जातो. त्याच्या पक्क्या मराठीनेच त्याला येथे दगा दिलेला असतो.

या चुकीला इंग्रजी व्याकरणात मिसप्लेस्ड मॉडिफायर म्हणतात. मॉडिफायर म्हणजे दुसऱ्या शब्दाविषयी अधिक माहिती पुरवणारा शब्द किंवा शब्दसमूह; मराठीत त्याला विशेषक म्हणू. विशेषणे आणि क्रियाविशेषणे हे त्याचे एकशब्दी नमुने आहेत, परंतु परीक्षेत त्रास देतात ते पाच-सहा शब्दांचे लांब विशेषक, आणि त्यातही वाक्याच्या आरंभी येऊन स्वल्पविरामाने तोडलेले. विशेषक चुकीच्या शब्दाला चिकटला तर तो मिसप्लेस्ड, म्हणजे जागा चुकलेला. ज्याच्याविषयी माहिती द्यायची तो शब्द वाक्यात मुळी आलेलाच नसेल, तर तो डँगलिंग, म्हणजे लोंबकळत राहिलेला. पावसाचे वरील वाक्य दुसऱ्या प्रकारचे आहे, कारण परतणारी व्यक्ती वाक्यात कोठेच नाही. गुण मिळवण्याच्या दृष्टीने या भेदाला फारसे महत्त्व नाही. दोन्ही चुका एकाच नजरेने पकडता येतात.

हा प्रश्न कोठे विचारला जातो, हेही पाहून घेऊ. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांसाठी घेतल्या जाणाऱ्या जीमॅट परीक्षेत अनेक वर्षे सेंटेन्स करेक्शन नावाचा प्रश्नप्रकार होता. त्यात वाक्याचा काही भाग अधोरेखित असे, खाली पाच पर्याय असत आणि पहिला पर्याय मूळ वाक्याचीच पुनरावृत्ती असे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या जीमॅटमधून हा प्रकार काढून टाकण्यात आला आणि जानेवारी २०२४ अखेरीस जुनी परीक्षा बंद झाली. म्हणून ‘आता हे शिकण्याची गरज नाही’ असा समज पसरला. तो खरा नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या डिजिटल एसएटीमध्ये विशेषकाच्या जागेवर आजही प्रश्न येतात. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या आणि बँकांच्या परीक्षांत वाक्यसुधारणा व चूक शोधणे हे प्रकार असतात, आणि एमपीएससीच्या गट ब व गट क सेवांच्या मुख्य परीक्षांत इंग्रजी व्याकरणाचे बहुपर्यायी प्रश्न असतात. परीक्षा बदलली की वेष बदलतो, चूक तीच राहते.

मराठीत प्रत्यय, इंग्रजीत जागा

मराठी कानाला ही चूक का ऐकू येत नाही, हे समजल्याशिवाय केवळ नियम पाठ करून उपयोग होत नाही. ‘जुन्या घराची मालकीण’ आणि ‘घराची जुनी मालकीण’ ही दोन पदे घ्या. पहिल्यात घर जुने आहे, दुसऱ्यात मालकीण. आता दुसऱ्या पदातील शब्द उलटसुलट करून ‘जुनी घराची मालकीण’ असे म्हटले, तर ते कानाला किंचित खटकेल, पण अर्थ बदलणार नाही. ‘जुनी’ हे रूप स्त्रीलिंगी आहे, ते घराला लागूच शकत नाही. ‘जुन्या’ हे सामान्यरूप असल्यामुळे ते ‘घराची’ या विभक्ती लागलेल्या शब्दाकडे आपसूक वळते. विशेषण कोणाचे, हे मराठीत पुष्कळदा त्याच्या अंगावरचा प्रत्यय सांगतो, त्यामुळे विशेषण थोडे लांब पडले तरी हरवत नाही.

जेथे प्रत्ययाची ही सोय नसते, तेथे मात्र मराठीतही घोटाळा होतो. दुकानांच्या पाट्यांवर ‘शुद्ध गाईचे तूप’ असे लिहिलेले असते आणि त्यावर वर्षानुवर्षे विनोद होत आलेले आहेत. ‘शुद्ध’ हे विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. ते गाईचे की तुपाचे, हे त्याच्या रूपावरून कळत नाही, केवळ जागेवरून कळते. दुकानदाराला ‘गाईचे शुद्ध तूप’ म्हणायचे असते. पाटीवर ‘चांगले गाईचे तूप’ असे असते, तर कोणी हसले नसते, कारण ‘चांगले’ हे नपुंसकलिंगी रूप थेट तुपालाच जाऊन मिळते. इंग्रजीतील विशेषणांना लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. तेथील प्रत्येक विशेषक ‘शुद्ध गाईचे तूप’ या पाटीवरील ‘शुद्ध’सारखाच असतो, तो ज्याच्या शेजारी उभा, त्याचा.

विशेषणांपेक्षा क्रियेपासून बनलेले विशेषक अधिक फसवे असतात. मराठीत ‘-ताना’, ‘-ल्यावर’ आणि ‘-मुळे’ या रचना कर्त्याच्या बाबतीत फार उदार आहेत. ‘पेपर सोडवल्यावर घंटा वाजली’, ‘रस्त्याने जाताना झाडे छान दिसत होती’ ही वाक्ये निर्दोष आहेत, कारण या रचनांना मुख्य वाक्याहून वेगळा कर्ता चालतो आणि तो न सांगितला तरी चालतो. परंतु मराठीतच एक रचना अशी आहे, की तिला हे चालत नाही: ‘-ऊन’. ‘पेपर सोडवून घंटा वाजली’ असे कोणी म्हणाले, तर पाचवीतला मुलगाही विचारील, ‘घंटेने पेपर सोडवला का?’ कर्ता स्वतंत्रपणे सांगितलेला नसेल, तर ‘-ऊन’ची क्रिया आणि मुख्य क्रिया एकाच व्यक्तीची किंवा वस्तूची असावी लागते. स्वल्पविरामापूर्वी येणाऱ्या इंग्रजी ‘-इंग’ रूपाचा स्वभाव नेमका असाच आहे. शाळेत आपण त्याचे भाषांतर ‘-ताना’ असे करायला शिकतो आणि तेथेच चूक ऐकू येणारा कान बंद करून टाकतो.

म्हणून पहिली युक्ती अशी: वाक्याच्या आरंभी ‘-इंग’ असलेला शब्दसमूह आला, की मनात त्याचे ‘-ऊन’ करावे आणि स्वल्पविरामानंतरचे पहिले नाम त्याला जोडून पाहावे. ‘आफ्टर फिनिशिंग द पेपर, द बेल रँग’ हे वाक्य ‘-ल्यावर’ लावून वाचले तर सुरळीत वाटते. ‘-ऊन’ लावून वाचले, की ‘पेपर संपवून घंटा वाजली’ असे होते आणि दोष ताबडतोब जाणवतो.

दुसरी युक्ती भूतकाळी रूपांसाठी आहे. ‘बिल्ट’, ‘डिझाइन्ड’, ‘बॉर्न’, ‘नोन’ अशा रूपांनी सुरू होणारा शब्दसमूह ‘-लेला, -लेली, -लेले’ असा मराठीत आणून थेट स्वल्पविरामानंतरच्या नामाच्या डोक्यावर ठेवावा. ‘बिल्ट ऑन अ स्टीप हिल, टूरिस्ट्स कॅन रीच रायगड बाय रोपवे’ हे वाक्य इंग्रजीत वाचताना अनेकांना ठीक वाटते. या युक्तीने त्याचे ‘उभ्या डोंगरावर बांधलेले पर्यटक’ असे होते. येथे आणखी काही समजावून सांगण्याची गरज उरत नाही. दुरुस्ती अर्थातच ‘बिल्ट ऑन अ स्टीप हिल, रायगड कॅन बी रीच्ड बाय रोपवे’ अशी.

‘-ऊन’च्या युक्तीला एक मर्यादा आहे आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ‘निकाल ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आले’ हे उत्तम मराठी वाक्य आहे, तरी व्याकरणदृष्ट्या ‘आले’ या क्रियापदाचा कर्ता पाणी आहे आणि ऐकणारी ती आहे. वाटणे, आठवणे, आवडणे, राग येणे, आनंद होणे अशा अनुभव सांगणाऱ्या मराठी वाक्यांत माणूस ‘मला’, ‘तिला’, ‘त्याच्या’ या रूपांत मागे उभा असतो आणि ‘-ऊन’ त्याच्याशी नाते जोडते. इंग्रजीला ही सवलत मान्य नाही. ‘हिअरिंग द रिझल्ट, टीअर्स केम टू हर आइज’ हे वाक्य परीक्षेत चूक आहे, कारण त्यात अश्रूंनी निकाल ऐकला. ‘हिअरिंग द रिझल्ट, शी बर्स्ट इन्टू टीअर्स’ हे बरोबर. भावना, विचार, आठवण यांविषयीचे वाक्य असेल, तर मराठी कानावर न विसंबता सरळ प्रश्न विचारावा, की ही क्रिया करणारा कोण, आणि तो स्वल्पविरामाला लागून उभा आहे का.

एक प्रश्न पूर्ण सोडवून पाहू

डिजिटल एसएटीच्या धर्तीचा एक प्रश्न घेऊ. दिलेला भाग असा: ‘डिझाइन्ड बाय फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स,’ आणि पुढे रिकामी जागा. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे या वास्तुविशारदाचे काम, आणि युनेस्कोने २००४ मध्ये त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, ही माहिती सर्व पर्यायांत सारखीच आहे. पहिला पर्याय: ‘युनेस्को ॲडेड मुंबईज टर्मिनस टू इट्स लिस्ट इन २००४’. दुसरा: ‘द ॲडिशन ऑफ मुंबईज टर्मिनस टू युनेस्कोज लिस्ट केम इन २००४’. तिसरा: ‘मुंबईज टर्मिनस वॉज ॲडेड टू युनेस्कोज लिस्ट इन २००४’. चौथा: ‘इन २००४ युनेस्को ॲडेड मुंबईज टर्मिनस टू इट्स लिस्ट’.

पर्याय वाचण्यापूर्वीच एक गोष्ट लक्षात यायला हवी. स्वल्पविरामापर्यंतचा भाग बदलता येत नाही आणि प्रत्येक पर्याय वेगळ्या शब्दाने सुरू होतो. असे दिसले, की प्रश्न काळाचा किंवा वचनाचा नसून बहुधा विशेषकाचा आहे. मग सगळे पर्याय शेवटपर्यंत वाचत बसण्याची गरज नाही, प्रत्येकाचा कर्ता पाहिला की पुरते. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली युनेस्को? पहिला पर्याय बाद. चौथ्यात ‘इन २००४’ हे शब्द पुढे आणून कर्ता थोडा आत सरकवला आहे, पण कर्ता युनेस्कोच आहे, म्हणून तोही बाद. आराखडा केलेला समावेश? दुसराही बाद. आराखडा केलेले टर्मिनस, हेच खरे. म्हणून तिसरा पर्याय.

या तिसऱ्या पर्यायातील क्रियापद कर्मणी प्रयोगातले आहे. ‘कर्मणी प्रयोग दिसला की तो पर्याय टाळावा’ असा एक सल्ला क्लासमधून सर्रास दिला जातो आणि तो नेमका अशाच ठिकाणी विद्यार्थ्याला बुडवतो. कर्तरी वाक्य पुष्कळदा अधिक सुबक असते, हे मान्य. पण सुबकपणा ही नंतरची गोष्ट आहे. इमारतीला स्वल्पविरामाशेजारी उभे करायचे आणि तिला यादीत घातले असे सांगायचे, तर कर्मणी प्रयोगाला पर्याय नाही. परीक्षकही हे जाणतो, म्हणूनच तो चुकीचे पर्याय मुद्दाम रुबाबदार कर्तरी वाक्यांत लिहितो.

तिसऱ्या पर्यायात आणखी एक गंमत आहे. स्वल्पविरामानंतरचा पहिला शब्द ‘मुंबईज’ असा षष्ठीचा आहे. तरी तो चालतो, कारण पाहायचे असते ते त्या नामसमूहातील मुख्य नाम, आणि ते टर्मिनस आहे. याच्या उलट उदाहरण आनंदीबाई जोशींचे घेऊ. त्यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी मिळवली आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती; तेथे रुजू होण्यापूर्वीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. आता वाक्य पाहा: ‘हॅविंग अर्न्ड अ मेडिकल डिग्री इन फिलाडेल्फिया इन १८८६, आनंदीबाई जोशीज नेक्स्ट पोस्ट वॉज टू बी ॲट अ हॉस्पिटल इन कोल्हापूर’. नाव दिसले, की डोळा समाधान पावतो. पण त्या नावाला षष्ठीचा प्रत्यय लागलेला आहे आणि मुख्य नाम ‘पोस्ट’ आहे. पदवी त्या पदाने मिळवलेली नाही. वाक्य ‘आनंदीबाई जोशी वॉज टू जॉइन अ हॉस्पिटल इन कोल्हापूर’ असे पुढे गेले पाहिजे. वाक्यदुरुस्तीच्या प्रश्नांत हा सापळा पुन्हा पुन्हा लावला जातो, कारण योग्य व्यक्तीचे नाव अगदी योग्य जागी असल्याचा भास त्यात होतो.

जेथे हसू येत नाही

मार्गदर्शक पुस्तकांत या विषयाची उदाहरणे बहुधा विनोदी असतात, आणि हा लेखही त्याला अपवाद नाही. त्यामुळे एक तोटा होतो. विद्यार्थी हास्यास्पद अर्थाची वाट पाहत बसतो आणि वाक्य गंभीर असले, की त्याला ते निर्दोष वाटते. प्रत्यक्ष परीक्षेतील अवघड वाक्ये भाववाचक नामांआड लपलेली असतात. ‘वरीड अबाउट फॉलिंग ग्राउंडवॉटर, अ डिसिजन वॉज टेकन इन हिवरे बाजार टू बॅन बोअरवेल्स फॉर इरिगेशन’ या वाक्यात कोणालाही हसू येणार नाही. भूजल खाली चालले होते, गावाने सिंचनासाठीच्या कूपनलिकांवर बंदी घातली, सगळे समजते. तरी व्याकरणाच्या हिशेबाने तेथे ‘काळजीत पडलेला निर्णय’ आहे. काळजीत पडले ते गावकरी. म्हणून स्वल्पविरामानंतर ‘द व्हिलेजर्स ऑफ हिवरे बाजार डिसायडेड’ असे हवे. निर्णय, प्रयत्न, संशोधन, यश, धोरण, वाढ अशा अर्थाचे नाम स्वल्पविरामानंतर आले आणि आधीचा विशेषक माणसाच्या कृतीचा किंवा मनःस्थितीचा असला, तर तेथे थांबलेच पाहिजे. ‘इट’ किंवा ‘देअर’ या पोकळ शब्दांनी सुरू होणारे पर्यायही याच कारणाने पडतात. त्यांत क्रिया करायला कोणी शिल्लकच राहत नाही.

दुरुस्तीचे मार्ग मुळात दोनच. एक, योग्य कर्ता स्वल्पविरामानंतर आणायचा. दुसरा, विशेषकाला स्वतःचा कर्ता आणि क्रियापद देऊन त्याचे गौण वाक्य करायचे: ‘व्हाइल आय वॉज रिटर्निंग होम, द रेन स्टार्टेड’. आरंभीचा भाग अधोरेखित नसेल तर पहिलाच मार्ग मोकळा असतो. आरंभीचाच भाग अधोरेखित असेल तर उत्तर बहुतेक दुसऱ्या मार्गाने येते.

वाक्याच्या शेवटी आणि मधोमध

जागा चुकण्याचा प्रकार वाक्याच्या शेवटीही होतो, पण तो ओळखणे तुलनेने सोपे आहे. ‘शी सोल्ड वडापाव टू द पॅसेंजर्स रॅप्ड इन न्यूजपेपर’ या वाक्यात वर्तमानपत्रात प्रवासी गुंडाळलेले आहेत. ‘शी सोल्ड द पॅसेंजर्स वडापाव रॅप्ड इन न्यूजपेपर’ म्हटले, की वडापाव गुंडाळला जातो. सोडवताना एवढेच सांभाळावे, की विशेषक उचलून दुसऱ्या चुकीच्या जागी टाकणारा पर्यायही हमखास असतो. ‘रॅप्ड इन न्यूजपेपर’ हे शब्द वाक्यारंभी नेले, तर विकणारी बाईच कागदात जाते.

एकशब्दी विशेषकांत ‘ओन्ली’ आणि ‘ऑलमोस्ट’ यांच्याकडे लक्ष ठेवावे. मराठीतील ‘च’ ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याच्याच अंगाला चिकटतो: ‘मीच त्याला पुस्तक दिले’, ‘मी त्यालाच पुस्तक दिले’, ‘मी त्याला पुस्तकच दिले’. इंग्रजीतील ‘ओन्ली’ सुटा फिरतो आणि बोलण्यात तो बहुधा क्रियापदाआधी जाऊन बसतो. ‘ही ओन्ली ॲन्सर्ड टेन क्वेश्चन्स’ असे बोलताना कोणी अडवणार नाही, पण दहाच प्रश्न असा अर्थ असेल तर परीक्षेत ‘ही ॲन्सर्ड ओन्ली टेन क्वेश्चन्स’ हा पर्याय निवडावा. ‘ऑलमोस्ट’च्या बाबतीत तर घटनाच बदलते. ‘ही ऑलमोस्ट मिस्ड एव्हरी ट्रेन’ म्हणजे प्रत्येक गाडी चुकता चुकता राहिली, सगळ्या मिळाल्या; ‘ही मिस्ड ऑलमोस्ट एव्हरी ट्रेन’ म्हणजे जवळजवळ सगळ्या चुकल्या. ‘स्टुडंट्स हू प्रॅक्टिस ऑफन मेक फ्युअर मिस्टेक्स’ यात ‘ऑफन’ मागच्या क्रियापदाकडेही पाहतो आणि पुढच्याकडेही. नेहमी सराव करणारे, की नेहमी कमी चुका करणारे, हे ठरत नाही. अशा दुतोंडी जागेतून शब्द बाहेर काढणारा पर्याय बरोबर असतो.

याहून अधिक विचार करायला लावते ती ‘विच’ आणि शेवटी येणारे ‘-इंग’ यांची जोडी. ‘द पानशेत डॅम बर्स्ट ऑन १२ जुलै १९६१, विच फ्लडेड पुणे’ हे वाक्य वृत्तपत्रात छापून आले, तर फार थोडे वाचक हरकत घेतील. जुन्या जीमॅटसारखी काटेकोर परीक्षा मात्र घेते. ‘विच’ हा संबंधी सर्वनामाचा शब्द आपल्या लगत आधीच्या नामाला धरतो, आणि येथे लगत आहे ती तारीख. तारखेने पुण्यात पूर आणला नाही, धरण फुटण्याच्या घटनेने आणला. आणि काटेकोर नियमाप्रमाणे ‘विच’ला संपूर्ण घटना हाताशी धरता येत नाही. ‘द पानशेत डॅम बर्स्ट ऑन १२ जुलै १९६१, फ्लडिंग पुणे’ हे वाक्य मात्र निर्दोष आहे. येथेही ‘फ्लडिंग’च्या लगत तारीखच आहे, मग हे कसे चालते? कारण मुख्य वाक्यानंतर स्वल्पविराम देऊन आलेले ‘-इंग’ शेजारच्या नामाला न धरता आधीच्या संपूर्ण क्रियेला, तिच्या कर्त्यासह, धरते. म्हणजे ‘शेजारचा तो आपला’ हा नियम सरसकट लावायचा नाही. तो वाक्याच्या आरंभी आलेल्या विशेषकाला आणि ‘विच’ला लावायचा, वाक्याच्या शेवटी स्वल्पविरामानंतरच्या ‘-इंग’ला लावायचा नाही. स्वल्पविराम नसेल तर गोष्ट पुन्हा बदलते: ‘द वॉटर एंटरिंग द सिटी’ मध्ये ‘एंटरिंग’ पाण्यालाच चिकटलेले आहे.

‘विच’ला देखील एक पळवाट आहे. ‘द बॉक्स ऑफ मँगोज, विच वॉज सेंट फ्रॉम रत्नागिरी’ येथे लगतचे नाम आंबे आहे, पण ‘वॉज’ हे एकवचनी क्रियापद आंब्यांना ओलांडून पेटीपर्यंत पोहोचते, आणि आंब्यांना पेटीपासून दूर हलवणेही शक्य नसते. इंग्रजीत जागेखेरीज नाते दाखवायला जी थोडी साधने उरली आहेत, त्यांतले वचन हे एक. आणि येथे ते अगदी मराठीसारखे वागते.

जेथे चूक नसते

हा विषय नव्याने शिकलेल्या माणसाला काही दिवस सगळीकडे लोंबकळणारे विशेषक दिसू लागतात. ‘द रेन हॅविंग स्टॉप्ड, द मॅच रिझ्यूम्ड’ यात पाऊस आणि सामना असे दोन कर्ते आहेत, तरी वाक्य शुद्ध आहे, कारण विशेषकाने आपला कर्ता सोबत आणला आहे. मराठीतील ‘पाऊस थांबून सामना सुरू झाला’ किंवा बातम्यांमधील ‘अपघात होऊन दोघे जखमी झाले’ ही वाक्ये आठवा; ‘-ऊन’सुद्धा स्वतःचा कर्ता उघड सांगितलेला असेल तर वेगळा कर्ता सहन करते. ‘अकॉर्डिंग टू’, ‘कन्सिडरिंग’, ‘जनरली स्पीकिंग’ हे शब्द दिसायला ‘-इंग’चे असले, तरी आता ते शब्दयोगी अव्ययासारखे रूढ झालेले आहेत आणि त्यांना कर्ता शोधावा लागत नाही. ‘टू गेट अ सीट, फिल द फॉर्म अर्ली’ हेही बरोबर, कारण आज्ञार्थात ‘यू’ हा कर्ता गृहीत असतो. ‘टू गेट अ सीट, द फॉर्म मस्ट बी फिल्ड अर्ली’ हे मात्र काटेकोर परीक्षेत चूक, कारण जागा अर्जाला नको असते. ‘बेस्ड ऑन’बाबत मतभेद आहेत. रोजच्या इंग्रजीत ते कोठेही वापरले जाते, जुनी जीमॅट त्याच्यापुढे खरोखर आधारलेले नाम मागत असे. दोन पर्यायांत बाकी सगळे समान असेल तर असे नाम असलेला पर्याय घ्यावा.

सरकारी आणि बँकांच्या परीक्षांत वाक्याचे तुकडे पाडून चूक कोणत्या तुकड्यात आहे असे विचारतात, तेव्हा चूक ओळखल्यावरही एक पाऊल उरते. चूक दोन तुकड्यांच्या नात्यात असते, आणि खूण मात्र एकाच तुकड्यावर करायची असते. येथे कमीत कमी शब्द बदलून दुरुस्ती कोठे होते ते पाहावे. क्लासमध्ये हमखास सांगितले जाणारे वाक्य ‘बीइंग अ रेनी डे, वी डिड नॉट गो आउट’ हे आहे. ‘पावसाचा दिवस असल्यामुळे आम्ही बाहेर गेलो नाही’ असे त्याचे मराठी होते आणि ‘-मुळे’च्या उदारपणात चूक विरघळून जाते, ‘-ऊन’ लावले, की ‘पावसाचा दिवस असून आम्ही बाहेर गेलो नाही’ असे काहीतरी विचित्र निघते. दुसऱ्या तुकड्यात ‘वी’ बदलून काहीच साधत नाही, कारण तेथे ‘द डे’ आणले तर दिवस बाहेर जाईल. आरंभी एक ‘इट’ घातला, की ‘इट बीइंग अ रेनी डे’ असा स्वतःचा कर्ता असलेला विशेषक तयार होतो आणि पुढचे सगळे जसेच्या तसे राहते. म्हणून खूण पहिल्या तुकड्यावर. उलट ‘वॉकिंग टू द स्टेशन, हिज अम्ब्रेला वॉज लॉस्ट’ अशा वाक्यात पहिला तुकडा जसाच्या तसा ठेवून दुसऱ्यात ‘ही लॉस्ट हिज अम्ब्रेला’ एवढाच बदल पुरतो, आणि खूण दुसऱ्या तुकड्यावर जाते.